प्रागमध्ये एकटीला एकच दिवस मिळतोय, काय बघू आणि काय सोडू?

अंबडवाली

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. जूनमध्ये कंपनी ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवतेय, ड्रेस्डेनच्या जवळ. शनिवार-रविवार सुट्टी असते, बरोबरचे दोघं बर्लिनला जायचं म्हणतायत पण मला प्रागच बघायचंय कारण मला घड्याळं, गेज, मोजमापाच्या जुन्या वस्तू यांचं पहिल्यापासून वेड आहे आणि तिथलं ते 1410 सालचं घड्याळ एकदा डोळ्यांनी बघायचंच आहे. ड्रेस्डेनहून ट्रेनने सव्वादोन-अडीच तास लागतात असं कळलं, म्हणजे सकाळी निघून रात्री परत येता येईल. एकटीच जाणार आहे. याआधी एकटी पुण्या-मुंबईच्या पलीकडे गेलेली नाही.

प्रश्न असे की शनिवारी जाऊ का रविवारी? व्हिसा जर्मनीचा आहे तो तिकडे चालेल ना? मी अंडं खाते पण मटण-मासे काही नाही, तर जेवणाचं काय? आणि व्हिडिओत लोक एका दिवसात वीस-वीस ठिकाणं दाखवतात ते खरंच होतं का? आईला एकटी जाणार हे अजून नीट पटलेलं नाही, त्यामुळे एकट्या बाईने फिरायला कसं आहे हेही कोणी सांगितलं तर तिला वाचून दाखवता येईल.

गोदाकाठ

अगं जा, नक्की जा! मी नोकरीनिमित्त प्रागला राहिलेय, माहेर गंगापूर रोडचं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकते.

आधी वाराचं बघू कारण सगळा प्लॅन त्यावर आहे. शनिवारी योसेफोव म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतली सगळी सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळं) आणि दफनभूमी बंद असतात. रविवारी ती उघडी असतात, पण किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल सकाळी प्रार्थनेसाठी असतं आणि पर्यटकांना दुपारी 12 नंतरच सोडतात. म्हणून माझं मत रविवार. सकाळी नदीच्या अलीकडचं जुनं गाव आणि योसेफोव, दुपारनंतर पूल ओलांडून किल्ला, म्हणजे दोन्ही सापडतं. फक्त किल्ल्यातल्या इमारती उन्हाळ्यात 5 ला बंद होतात, तेव्हा 3 पर्यंत वर पोचायलाच हवं.

व्हिसा चालतो. चेकिया 2007 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे. पण पासपोर्ट ओरिजिनल जवळ ठेव, झेरॉक्स नको, कारण परत येताना जर्मनीच्या हद्दीत पोलीस गाडीत चढून कागद तपासू शकतात. ते आले की घाबरायचं काही नाही, पासपोर्ट दाखवायचा, बस.

ट्रेनमध्ये जाताना डाव्या बाजूची खिडकी घे. ड्रेस्डेन सोडलं की गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते, वाळूच्या दगडाचे उंच कडे दिसतात, मधेच उजवीकडे डोंगरावर क्योनिगश्टाइनचा किल्ला. नदी सगळा वेळ डावीकडे. त्या तासाभरात मोबाईल खाली ठेव, कारण तेही प्रवासातलंच बघणं आहे आणि त्याला वेगळं तिकीट नाही.

आता स्टेशनवर उतरलीस की लगेच बाहेर पळू नको. एक नंबर प्लॅटफॉर्मवर एक पुतळा आहे, चष्मा लावलेला एक माणूस, कडेवर एक मूल आणि शेजारी सुटकेसजवळ उभी मुलगी. तो निकोलस विंटन. 1939 मध्ये महायुद्ध सुरू व्हायच्या आधी ह्या इंग्रज माणसाने इथून 669 मुलांना ट्रेनने इंग्लंडला पोचवण्याची व्यवस्था केली, बहुतेक सगळी ज्यू मुलं, त्यातल्या बहुतेकांचे आईवडील मागे राहिले आणि परत भेटले नाहीत. ज्या स्टेशनावरून ती पोरं गेली तिथेच तू उतरणार आहेस. पाच मिनिटं थांब तिथे.

तिथून वेन्सेस्लास चौक चालत पाच-सात मिनिटांवर. नाव चौक पण दिसायला लांबलचक रस्ता, वरच्या टोकाला नॅशनल म्युझियम. म्युझियमच्या समोर फरसबंदीत एक क्रॉस आहे, जमिनीतून वर उसळल्यासारखा, वितळल्यासारखा. 1968 च्या ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे शहरात आले, त्यानंतर जानेवारी 1969 मध्ये यान पालाख नावाच्या 20 वर्षांच्या विद्यार्थ्याने निषेध म्हणून इथे स्वतःला पेटवून घेतलं. आणि ह्याच चौकात 1989 च्या नोव्हेंबरमध्ये लाखो लोक जमले आणि कम्युनिस्ट राजवट गेली. बहुतेक लोक इथे फक्त दुकानं बघून पुढे जातात, मला ते बरं वाटत नाही.

घड्याळाचं आणि पुलाचं संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता मुलाला क्लासला सोडायचंय.

सातपूरकर_७७

ताईंनी चांगलं सांगितलंय, मी पैशापाण्याचं सांगतो कारण माणूस तिथेच फसतो. तिकडे युरो नाही, कोरूना चालतो. बरीच दुकानं युरो घेतात पण रेट त्यांच्या मनाचा लावतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, ट्राममध्येसुद्धा मशीनला कार्ड टेकवलं की तिकीट मिळतं. मशीनवर विचारतात की रुपयात कापू की कोरूनात, तेव्हा डोळे झाकून कोरूना दाबायचं, रुपये दाबले की तो बदल त्यांच्या रेटने होतो आणि चांगलाच फटका बसतो. एटीएम लागलंच तर बँकेच्या भिंतीतलं वापरा, रस्त्यात नुसतं उभं केलेलं रंगीत मशीन असतं ते टाळा. मला एका चौकातल्या मनी चेंजरने शून्य टक्के कमिशनची पाटी दाखवून भलत्याच रेटने पैसे दिले होते, पाटी खरी होती पण रेट आत बारीक अक्षरात होता. थोडी नाणी मात्र ठेवा, बाथरूमला लागतात.

दुसरं म्हणजे कागदी तिकीट घेतलं तर ते पिवळ्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. तिकीट खिशात आहे पण छापलेलं नाही म्हणजे विनातिकीटच, आणि चेकर साध्या कपड्यात असतात. मेट्रोला गेट नसतात त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की कुठेच चेक होत नाही. होतं.

आणि शूज चांगले घाला. सगळं गाव दगडी फरशीचं आहे, पातळ सोलचे असले तर दुपारपर्यंत तळपाय बोलायला लागतात.

गोदाकाठ

हां, आले. तर घड्याळ.

ते जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीवर आहे. दर तासाला, सकाळी 9 ते रात्री 11, वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि बारा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, फिरून जातात, बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. सगळं मिनिटभरात संपतं आणि लोक ‘एवढंच?’ म्हणून निघून जातात. तू जाऊ नको. गर्दी पांगली की खरं घड्याळ बघायला मिळतं. तुझ्यासारख्या मोजमापवाल्या मुलीने तर अर्धा तास काढावा तिथे. त्याची तबकडी नुसती वाजले किती एवढं सांगत नाही, सूर्य कुठल्या राशीत आहे, चंद्र कुठे आहे, त्याची कला कोणती हे सगळं एकाच तबकडीवर दिसतं. बारा राशींचं सरकतं कडं आत ठेवलंय. आणि सगळ्यात बाहेर काळ्या कड्यावर सोनेरी जुन्या वळणाचे 1 ते 24 आकडे आहेत, ती जुनी चेक वेळ. त्यात दिवस सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे ऋतूप्रमाणे ते कडंच मागेपुढे फिरतं. आपलं पंचांग सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, यांचं सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत. मी पहिल्यांदा हे समजून बघितलं तेव्हा पुढचा शो सुरू झाला तरी हलले नव्हते.

त्याच टाऊन हॉलच्या बाजूला जमिनीवर पांढरे क्रॉस आहेत, 27. 21 जून 1621 ला हाब्सबर्ग घराण्याच्या राजाविरुद्ध बंड केलेल्या 27 पुढाऱ्यांना त्या चौकात मारलं, त्यांचे. लोक त्यावर उभे राहून सेल्फी काढतात, माहीत नसतं म्हणून.

आता पूल. चार्ल्स ब्रिजचं काम 1357 ला सुरू झालं, लांबी 500 मीटरच्या थोडी वर, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. पण नाशिकच्या माणसाने तिथे एक गोष्ट बघायलाच हवी जी गाईड बहुतेक वेळा दाखवत नाहीत. जुन्या गावाच्या बाजूला, पूल जिथे सुरू होतो तिथे, कठड्यावरून डाव्या हाताला म्हणजे... थांब, तू जुन्या गावातून पुलावर चढणार म्हणजे तुझ्या उजव्या हाताला, खाली काठाच्या दगडी भिंतीकडे बघ. एका दाढीवाल्या माणसाचं दगडी डोकं बसवलेलं दिसेल. त्याला ब्रादाच म्हणतात, म्हणजेच दाढीवाला. शेकडो वर्षं प्रागचे लोक पुराचं पाणी ह्या डोक्यावरून मोजत आले, पाणी दाढीला लागलं, तोंडाला लागलं, टाळूवरून गेलं की जुन्या गावात पाणी शिरणार.

आपला गोदावरीतला दुतोंड्या मारुती गं तो! पायाला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं, अख्खं नाशिक असंच बोलतं ना पावसाळ्यात. मी 2008 चा पूर घरून बघितलाय, तेव्हा दर अर्ध्या तासाला कोणीतरी फोन करून मारुतीचं पाणी कुठवर आलं एवढंच विचारायचं, धरणातून किती क्युसेक सोडलं हे कोणी विचारत नव्हतं. त्या ब्रादाचला बघितलं आणि मला एकदम ते शहर कळलं. तिथेही 1890 च्या पुरात पुलाच्या कमानी वाहून गेल्यात आणि 2002 च्या पुरात मेट्रोच्या स्टेशनांत पाणी भरलं होतं. नदीकाठच्या लोकांना नदीची भीती आणि माया दोन्ही असते. पुलावर उभं राहून फोटो काढणारी शंभर माणसं असतात, खाली त्या डोक्याकडे बघणारं क्वचित कोणी.

अंबडवाली

गोदाकाठ ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही जुन्या नाशकातलेच, आजी पूर आला की गच्चीवर जाऊन बघायची. गेज म्हणून दगडी डोकं!! हे बघितल्याशिवाय मी परत येत नाही.

कॉलेज_रोड_चहा

मी थोडा वेगळं मत मांडतो, राग नसावा. किल्ला आणि योसेफोव दोन्ही एका दिवसात आतून बघायचं म्हटलं तर ती धावपळ होणार. किल्ल्याचं अंगण, गल्ल्या सगळं फुकट बघता येतं. तिकीट लागतं ते कॅथेड्रलच्या आतल्या भागाला, जुन्या राजवाड्याला, गोल्डन लेनला. माझं म्हणणं किल्ला बाहेरूनच बघा आणि तो वेळ लेत्नाला द्या. योसेफोवच्या सरळ पुढे नदीवर एक पूल आहे, तो ओलांडून जिने चढले की टेकडीवर मोठं पार्क. तिथे एक प्रचंड लाल काटा हलत असतो, मेट्रोनोम म्हणजे संगीताचा ठेका मोजायचं यंत्र, 1991 ला बसवलेला. त्याच चौथऱ्यावर 1955 ते 1962 स्टालिनचा अवाढव्य पुतळा होता, तो स्फोटकं लावून उडवला. मोजमापाची आवड आहे म्हणताय तर हेही तुमच्याच खात्यातलं, आणि तिथून वल्तावा नदीवरचे सगळे पूल एकामागे एक रांगेत दिसतात. जूनमध्ये 9 वाजेपर्यंत उजेड असतो. गावातली माणसं तिथे संध्याकाळी येऊन गवतावर बसतात, पर्यटक कमी. एकट्या माणसाला असं ठिकाण लागतं कारण दिवसभर आपण कोणाशी बोललेलो नसतो आणि नुसतं बसावंसं वाटतं.

गोदाकाठ

राग कसला, लेत्ना मलाही आवडतं. पण सेंट व्हिटस आतून सोडू नये असं माझं ठाम मत आहे. 1344 ला सुरू झालेली इमारत 1929 ला पूर्ण झाली, म्हणजे किती पिढ्यांनी शेवट न बघता दगड घडवला. आणि आत डावीकडे आल्फोन्स मुखा ह्या चेक चित्रकाराची रंगीत काचेची खिडकी आहे, बाहेरच्या उजेडात तिचा निळा आणि पिवळा रंग उजळून निघतो. राजवाडा आणि गोल्डन लेन सोडली तरी चालेल हे मान्य. म्हणजे असं कर, कॅथेड्रल बघ, किल्ल्याच्या बाकी अंगणात फीर आणि मग ताकद राहिली तर लेत्ना, किल्ल्याच्या मागच्या बागेकडून तिकडे चालत जाता येतं.

आणि किल्ल्यावर पायी चढू नको, पूल ओलांडला की मालोस्त्रान्स्के चौकातून 22 नंबरची ट्राम वर नेते, ‘प्राझ्स्की ह्राद’ स्टॉपला उतरायचं. उतरताना मात्र जुन्या जिन्याने पायी उतर, खाली मालोस्त्रान्स्का मेट्रो आहे, हिरव्या लाईनने मुझेउम, तिथे लाल लाईन, एकच स्टेशन पुढे तुझं रेल्वे स्टेशन. 22 नंबरमध्ये आणि पुलावर पाकीट मारणारे असतात, बॅग पुढे घे. बाकी शहर शांत आहे, बायका रात्री एकट्या ट्रामने जातात येतात, कोणी वळूनही बघत नाही. हे आईला जरूर वाचून दाखव. रात्री फक्त स्टेशनच्या बाहेरच्या पार्कात रेंगाळू नको, सरळ आत जा.

पंचवटीतली मावशी

बाळा, मी तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून लिहिते. आम्ही टूरने गेलो होतो, सगळं बसमधून आणि छत्रीच्या मागे चालत. योसेफोवमधल्या पिंकास सिनेगॉगला आम्हाला फार थोडा वेळ दिला. आत काही वस्तू नाहीत मूर्ती नाहीत, नुसत्या भिंती आणि भिंतींवर नावं. हाताने लिहिलेली, आडनावं लाल रंगात, नावं आणि तारखा काळ्या, ओळीला ओळ चिकटून, खालपासून वरपर्यंत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. नाझींनी मारलेल्या, बोहेमिया-मोराविया म्हणजे चेक भागातल्या सुमारे 80 हजार ज्यू लोकांची. जवळ जाऊन एक कुटुंब वाचलं, एकाच आडनावाखाली सहा नावं आणि शेवटच्या नावाची जन्मतारीख 1938 ची. मग गाईडने बोलावलं. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं होती ती बघायची राहिली, तू बघ. तू एकटी आहेस म्हणजे तुला कोणी ओढून नेणार नाही, हे किती मोठं आहे ते मला विचार.

तुझ्या आईला सांग, मुलगी शिकलेली आहे, कंपनीने परदेशी पाठवण्याइतका विश्वास ठेवलाय, तर एक दिवसाचा विश्वास घरच्यांनीही ठेवावा. पण तूही दर दोन-तीन तासांनी एक मेसेज टाक, न चुकता. तिकडे दुपारचे 12 म्हणजे उन्हाळ्यात इकडे साडेतीन. रात्री गाडीत बसलीस की इथे मध्यरात्र होते, आई जागीच असणार, तेव्हा बसल्या बसल्या कळव.

सातपूरकर_७७

जेवणाचं कोणीच सांगितलं नाही म्हणून परत आलो. अंडं चालतं तर काही प्रॉब्लेम नाही. ‘स्माझेनी सिर’ मागा, चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रम्बमध्ये तळलेला, बटाट्याबरोबर आणि टार्टर सॉसबरोबर देतात, पोटभर होतो. बटाट्याची लसूण घातलेली धिरडी मिळतात, ब्रामबोराक, पण त्यात कधी मांसाचे तुकडे असतात, विचारून घ्या. ‘बेझ मासा’ म्हणजे मांस नको, एवढं पाठ करा. सूप मागताना जपून, बिनमांसाचं दिसलं तरी खाली स्टॉक मांसाचा असू शकतो. स्विच्कोवा नावाची डिश सगळीकडे लिहिलेली असेल, क्रीमच्या सॉसमध्ये, छान दिसते, ते गोमांस असतं. गोड हवं तर फळं भरलेले उकडलेले गोळे मिळतात, ओवोत्स्ने क्नेडलिकी, वरून चीज-साखर, मला फार आवडले. आणि रस्त्यावर कोळशावर फिरवतात ते गोल नळीसारखं ट्रदेल्निक, त्याला जुना चेक पदार्थ म्हणून विकतात पण प्रागमधलं ते अलीकडचं टुरिस्टांसाठीचं आहे, खायचं तर खा, पण घाई असेल तर त्या रांगेत वीस मिनिटं घालवू नका.

जेवायला चौकात बसू नका, दोन गल्ल्या आत जा, तेच जेवण बरंच कमी पैशात. जुन्या बिअर हॉलमध्ये एकटा माणूस मोठ्या टेबलावर दुसऱ्यांच्या शेजारी बसतो, त्यात कोणाला वावगं वाटत नाही, आणि बिअर घेतलीच पाहिजे असं काही नाही.

अंबडवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाली की रविवारी जा पण पासपोर्ट गळ्यातल्या पाऊचमध्ये ठेव.

तर ठरलं असं: रविवार, सकाळची गाडी, डावी खिडकी, विंटनचा पुतळा, पालाखचा क्रॉस, घड्याळ दोन तास मिळाले तरी चालतील, पिंकास आणि दफनभूमी, मग पूल आणि ब्रादाच, 22 नंबर, कॅथेड्रल. राजवाडा आणि गोल्डन लेन सोडली. लेत्ना पाय कसे आहेत त्यावर. वीस ठिकाणं काही होत नाहीत आणि करायचीही नाहीत.

एकच शंका राहिली. परतीची शेवटची गाडी धरू की त्याच्या आधीची? सोमवारी सकाळी 8 ला प्लांटवर हजर राहायचंय.

गोदाकाठ

शेवटची नको. त्याच्या आधीचीच काढ, म्हणजे ती चुकली तर अजून एक हातात राहते. तिकीट आधी ऑनलाईन काढलं तर बरंच स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं, म्हणून जाताना स्वस्तातलं घे आणि परतीचं थोडे जास्त पैसे देऊन कुठल्याही गाडीला चालणारं घे. आणि प्लॅटफॉर्म नंबर स्टेशनवरच्या बोर्डवर गाडीच्या थोडंच आधी लागतो, तोपर्यंत वरच्या मजल्यावर जुना घुमटाचा हॉल आहे तिथे जाऊन थांब, खालच्या दुकानांच्या गोंधळात हा हॉल पुष्कळांना सापडतच नाही. बोर्डवर ड्रेस्डेन असं लिहिलेलं शोधू नको फक्त, चेकमध्ये त्याला ‘द्राझ्दानी’ म्हणतात आणि गाडी पुढे बर्लिनला जाणारी असेल तर मोठ्या अक्षरात बर्लिनच लिहिलेलं असेल. गाडीचा नंबर लिहून ठेव, त्यावरून शोध.